टाक्यात गप्पी सोडा, तलावात नको: डासअळ्यांमागे पाण्यातले शिकारी लावण्याची रीत

धुराची मशीन गल्लीतून फिरून गेली की दोन-चार दिवस मच्छर कमी वाटतात, मग पुन्हा जैसे थे. धुराने मरतो तो उडणारा डास. त्याच वेळी घरामागच्या टाक्यात, गुरांच्या हौदात, नालीच्या तुंबलेल्या टोकाला अळ्या वाढतच असतात. आपल्याकडच्या पावसाळी उबेत अंड्यापासून पंख फुटेपर्यंत डासाला जेमतेम ७ ते १० दिवस लागतात. एवढे दिवस तो पाण्यातच अडकलेला असतो, त्याला पळून जाता येत नाही. गाठायचं तर तिथेच, आणि ते काम पाण्यातले त्याचे वैरी आपल्यापेक्षा चांगलं करतात.

वैरी म्हटलं की आपल्याला फक्त गप्पी मासा आठवतो. गप्पीची बादली घेऊन दिसेल त्या पाण्यात मासे ओतले की मोहीम झाली, असं अनेक गावांत चालतं. मग काही ठिकाणी ते आठवड्याभरात मरतात आणि काही ठिकाणी नको तिथे वाढतात. कोणत्या पाण्याला कोणता शिकारी, हे दोन प्रश्नांवर ठरतं: हे पाणी किती दिवस टिकणार? आणि इथून वाहून पुढे कुठे जाणार? या दोन प्रश्नांची उत्तरं हाताशी असली की पुढचं सगळं सोपं आहे.

आधी गावातलं पाणी पाहून घ्या

जून हा हिवताप प्रतिरोध महिना म्हणून पाळला जातो, त्यामुळे आरोग्यसेवक आणि आशाताई त्या काळात घरोघरी येतातच. त्यांच्यासोबत दोन-चार पोरं आणि एक वही घेऊन गावभर फिरा. साठलेलं प्रत्येक पाणी लिहा आणि त्याची तीन भागांत वाटणी करा.

पहिला भाग, आठ-पंधरा दिवसांत आटणारं किंवा आपण सहज ओतून देऊ शकतो असं पाणी. बैलगाडीच्या चाकोऱ्या, रस्त्यातले खड्डे, पडलेले टायर, फुटके माठ, आणि आपल्या विदर्भात घरोघरी असणारा कुलर. इथे कुठलाही शिकारी सोडू नका. डासाला आठवडा पुरतो, पण चतुराच्या पिल्लाला पूर्ण वाढायला कमीत कमी पाच-सहा आठवडे लागतात. शिकारी तिथे पोचून मोठा होईपर्यंत डास उडून गेलेले असतात. खड्ड्यात मुरूम भरा, टायर छपराखाली घ्या, कुलर आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून काथ्याने घासा. घासणं महत्त्वाचं आहे, कारण डेंग्यूचा डास पाण्याच्या कडेला भिंतीवर अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. दिवाळीनंतर कुलर नुसता रिकामा करून ठेवला आणि मार्चमध्ये पाणी भरलं, तर जुन्या अंड्यांतून नव्या अळ्या निघतात.

दुसरा भाग, महिनोन्महिने टिकणारं पण बंदिस्त पाणी: वापराच्या पाण्याचं सिमेंटचं टाकं, गुरांचा हौद, बांधकामाची टाकी, वापरात नसलेली विहीर, सांडवा नसलेलं शेततळं. ही गप्पीची जागा.

तिसरा भाग, टिकणारं आणि नाल्या-ओढ्याला जोडलेलं पाणी: बोडी (लहान तळं), मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव), धानाच्या बांध्या (भाताची खाचरं), नदीतले डोह. इथे गप्पी नको. तिथले शिकारी तिथेच आहेत, आपण फक्त त्यांना मारायचं थांबवायचं आहे. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

अळी कोणती ते ओळखा

एक पांढरी ताटली आणि लांब दांड्याची पळी घ्या. पाण्याजवळ हळू जा, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका, नाहीतर अळ्या तळाशी बुडी मारतात. पळी कडेला तिरपी बुडवून पाणी भरा आणि ताटलीत ओतून मिनिटभर थांबा.

पाणी निवळलं की अळ्या श्वास घ्यायला वर येतात. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहणारी अळी अॅनॉफेलिसची, म्हणजे हिवतापाच्या डासाची. डोकं खाली आणि शेपटीकडची नळी वर अशी लटकणारी अळी क्युलेक्स किंवा एडिसची. घाण पाण्यात लांब नळीवाली, झुंडीने लटकलेली दिसली तर क्युलेक्स. हत्तीपायाचा रोग हाच पसरवतो आणि पूर्व विदर्भात तो जुना आहे. स्वच्छ पाण्यात आखूड नळीची, टॉर्च मारला की सापासारखी वळवळत खाली जाणारी अळी एडिसची, म्हणजे डेंग्यू-चिकुनगुनियाची. स्वल्पविरामासारखे दिसणारे आणि गटांगळ्या खाणारे जीव म्हणजे कोष. कोष काही खात नाही, दोन-एक दिवसांत त्यातून डास निघतो. ताटलीत कोष जास्त असतील तर मासे सोडण्याची वाट पाहू नका, ते पाणी त्याच दिवशी ओता किंवा गाळून घ्या.

वहीत जागा, तारीख आणि दहा पळ्यांत किती अळ्या मिळाल्या ते लिहा. ही नोंद पुढे फार कामी येते.

गप्पी कुठून आणायचे, कसे वाढवायचे

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला, भारतात तो १९१० च्या सुमारास आला. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा, बहुतेक ठिकाणी पैदास टाकी असते आणि मासे फुकट मिळतात. मत्स्यालयाच्या दुकानातले लांब शेपटीचे शोभेचे गप्पी आणू नका. ते नाजूक असतात, गावच्या टाक्यात टिकत नाहीत.

निवडताना सगळे जण रंगीत मासे उचलतात. ते नर असतात, लहान असतात आणि कमी खातात. मादी भुरकट, जाड पोटाची, नराच्या जवळपास दुप्पट मोठी. अळ्या तीच जास्त फस्त करते. एक गप्पी दिवसाला साधारण ८० ते १०० अळ्या खातो, असं आरोग्य खात्याच्या मार्गदर्शिकेत सांगितलेलं असतं. तीन-चार माद्यांमागे एक नर पुरतो.

दरवेळी केंद्रावर जाण्यापेक्षा गावाची एक पैदास टाकी असावी. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात, अर्धा दिवस सावली असेल अशी जागा निवडा. ६ फूट लांब, ४ फूट रुंद, अडीच फूट खोल टाकी पुष्कळ झाली. टाकी नवी असेल तर मासे लगेच सोडू नका. सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात. दोन-तीन आठवडे पाणी भरा, चार दिवसांनी सोडा, पुन्हा भरा. नळाचं पाणी असेल तर त्यातला क्लोरीन उडण्यासाठी ते एक-दोन दिवस उन्हात उघडं ठेवा. विहिरीचं पाणी बरं.

तळाशी मातीचा पातळ थर द्या आणि त्यात हायड्रिलासारखी पाणवनस्पती लावा. गप्पीची आई स्वतःचीच पिल्लं खाते, पिल्लांना लपायला झाडी लागते. जलपर्णी मात्र चुकूनही आणू नका, ती टाकीबाहेर गेली की गावाच्या तलावाचं वाटोळं करते. टाकीवर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा. त्यामुळे खंड्या आणि बगळे दूर राहतात, आणि चतुर आत अंडी घालत नाहीत; चतुराचं मोठं पिल्लू गप्पीचं पिल्लू सहज पकडतं. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. मादी साधारण तीन महिन्यांत वयात येते आणि मग दर चार आठवड्यांच्या आसपास विते.

पैदास टाकीत दिवसाआड चिमूटभर गव्हाचा कोंडा किंवा शेंगदाण्याच्या पेंडीची भुकटी टाका. पाच मिनिटांत संपेल एवढंच, उरलेलं सडतं. आणि ज्या हौदात मासे अळ्यांसाठी सोडले आहेत तिथे काहीही खायला टाकू नका. काकू प्रेमाने पोळीचे तुकडे टाकतात, पोट भरलेला मासा मग अळीकडे ढुंकूनही पाहत नाही.

नेताना आणि सोडताना

मासे सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना न्या. मच्छरदाणीच्या कापडाची तारेच्या कड्याला शिवलेली जाळी वापरा, हाताने पकडू नका. खवले निघाले की बुरशी लागते. रुंद तोंडाचा डबा अर्धाच भरा, म्हणजे हवा खेळते. डबा कशाचा होता ते नीट विचारा. फवारणीच्या औषधाचा कॅन कितीही धुतला तरी माशांसाठी आणि माणसांसाठीही तो विषाचाच.

हौदाजवळ गेल्यावर मासे लगेच ओतू नका. डबा पंधरा-वीस मिनिटं हौदाच्या पाण्यात तरंगत ठेवा, मग थोडं थोडं हौदाचं पाणी डब्यात घाला आणि शेवटी डबा आडवा करा. मासे आपले आपण बाहेर पडतील. दोनशे लिटरच्या ड्रमला चार-पाच, मध्यम टाक्याला दहा-पंधरा पुरतात. मोठ्या साठ्याला कडेच्या दर मीटरमागे ५ ते १० मासे हे प्रमाण धरतात.

कोणत्या पाण्यात काय

पिण्याच्या रांजणात मासे नकोत. ते पाणी झाकून ठेवायचं, आठवड्याला रांजण रिकामा करून घासायचा, बस. वापराच्या पाण्याच्या टाक्यात मात्र गप्पी उत्तम. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असलेल्या गावांत लोक आठ-आठ दिवसांचं पाणी साठवतात, तिथे एडिस सगळ्यात जास्त वाढतो. कोरडा दिवस पाळा, म्हणजे आठवड्यातून एकदा साठवलेलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करा, म्हणून सांगितलं तर ताई विचारतात, "पाणीच नाई तं फेकू कसं?" त्यांचं बरोबर आहे. तिथे चार गप्पी आणि वर कापड हाच मार्ग.

गुरांच्या हौदात एका कोपऱ्यात दोन-तीन विटा रचून आडोसा करा, म्हणजे बैल पाणी प्यायला तोंड घालतो तेव्हा मासे आत शिरतात. हौद धुताना सगळं पाणी उपसू नका, चौथाई शिल्लक ठेवा किंवा मासे बादलीत काढून घ्या.

अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना वाटतं, आपल्या पाण्यात काही जगणार नाही. गप्पी बऱ्यापैकी खारं पाणी सोसतो. फक्त सोडताना घाई नको, तासभर घेऊन थोडं थोडं खारं पाणी मिसळत जा.

पडक्या विहिरीत आधी वरचा कचरा काढा. पाण्यावर पाला आणि प्लास्टिक पसरलेलं असेल तर अळ्या त्याखाली दडतात आणि मासा पोचत नाही. खाली उतरायचं नाही, माशांचा डबा दोरीने सोडायचा. पिण्याच्या विहिरीत मासे सोडू नयेत असं माझं मत आहे. तिथे दर हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलंच पाहिजे, आणि क्लोरीनच्या पाण्यात मासा जगत नाही. कावीळ-हगवणीपासून बचाव आधी. डासांसाठी विहिरीवर बारीक जाळी बसवा.

शेततळ्यात खरी अडचण काठावर असते. मधल्या खोल पाण्यात अळ्या जवळपास नसतातच. त्या कडेच्या गवतात, उथळ पाण्यात असतात. काठाचं गवत कापा, बेशरमाची झुडपं उपटून काढा, म्हणजे मासा कडेपर्यंत येईल. तळ्यात रोहू-कटला असतील तर त्यांच्या भरवशावर राहू नका, मोठे झाल्यावर ते अळ्या खात नाहीत. अस्तर घातलेल्या तळ्याचे काठ निसरडे असतात. दोर बांधल्याशिवाय आणि सोबत माणूस असल्याशिवाय उतरू नका.

नालीचं काम सगळ्यात कठीण. गप्पी घाण पाणी बऱ्यापैकी सोसतो, कारण तो पृष्ठभागालगतच्या थरातला प्राणवायू घेऊन जगतो. पण काळं, बुडबुडे येणारं पाणी त्यालाही झेपत नाही. गाळ काढून नाली वाहती करणं आणि घरामागे शोषखड्डा घेणं हा खरा इलाज, मासे फक्त साचणाऱ्या टप्प्यात. आणि नाली जर थेट ओढ्यात उतरत असेल तर तिथे गप्पी सोडू नका. संडासाच्या टाकीत मासे जगत नाहीत, तिच्या व्हेंट पाइपला जाळीचं कापड बांधा. एका घराच्या उघड्या पाइपातून निघालेले क्युलेक्स सगळ्या गल्लीची झोप उडवतात.

बोडी, मामा तलाव, बांधी: इथे हात आवरा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव आजही धानाला पाणी देतात. त्यांत आपले देशी मासे आहेत आणि ढिवर बांधवांचं पोट त्यांवर आहे. गप्पी आणि त्याहून आक्रमक असलेला, डासअळ्या खाणारा गॅम्बुझिया मासा अशा पाण्यात गेले की देशी माशांची अंडी, पिल्लं, बेडकांची पिल्लंही खातात. गॅम्बुझिया १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला गेला. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. थाई मांगूर हा परका मासा तर अजिबात नको, त्याच्या पालनावर बंदी आहे.

मग तलावात अळ्यांचं काय? ढिवर भावांना विचारा, पाण्याच्या वरच्या थरात पोहणारे लहान देशी मासे कुठे मिळतात ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. डोक्यावर चांदीसारखा ठिपका चमकणारा एक छोटा मासा असतो, तो पृष्ठभागावरच्या अळ्या टिपण्यात पटाईत. त्याच पाणलोटातले असे मासे त्याच पाणलोटातल्या बोडीत सोडायला हरकत नाही.

आणि चतुर. पावसाळ्याच्या शेवटी शेतावर थव्याने उडणारे पिवळसर चतुर साचलेल्या पाण्यात अंडी घालतात. त्यांचं पिल्लू दिसायला ओबडधोबड, मातकट, तळाशी दबा धरून बसणारं. पांढऱ्या ताटलीत एक पिल्लू आणि दहा-बारा अळ्या ठेवून बघा. ते हलत नाही. अळी दोन बोटांवर आली की त्याच्या तोंडाखाली दुमडलेला लांब जबडा झपकन बाहेर येतो आणि अळी गायब. तो झटका डोळ्यांना धड दिसतही नाही. शाळेतल्या पोरांना हे एकदा दाखवलं की ती चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचं सोडून देतात. म्यानमारमधल्या यांगूनमध्ये घरगुती पाण्याच्या भांड्यांत चतुराची पिल्लं सोडून एडिस आटोक्यात आणल्याचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला आहे. आपल्याकडे मासे नसलेल्या मोठ्या टाक्यात हा प्रयोग करता येतो. दोन-तीन पिल्लं पुरे, जास्त टाकली तर एकमेकांना खातात. टाक्यात एक काडी तिरपी रोवून ठेवा, पंख फुटताना त्याला वर चढायला लागते.

उलटं, पाठीवर पोहणारे किडे आणि पाणभुंगे हेही कट्टर शिकारी. हातात धरू नका, चावतात. पहिल्या पावसात डराव डराव करणारा पिवळाधमक मोठा बेडूक असतो ना, त्याची पिल्लं इतर बेडकांच्या पिल्लांसारखी नुसतं शेवाळ खात नाहीत, अळ्याही खातात. या बेडकाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि १९८७ पासून बेडकांच्या तंगड्यांची निर्यातही बंद आहे.

व्हिएतनामच्या गावांत मेसोसायक्लॉप्स नावाचे बारीक पाणजीव टाक्यांत सोडून डेंग्यूचे डास जवळजवळ संपवले गेले. आपण पिण्याच्या पाण्यात हे करू नये. नारूचा रोग अशाच सायक्लॉप्समधून पसरायचा. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला, पण पाणी गाळून पिण्याची सवय आपण टिकवलेली बरी.

बांधीत शिकारी मारतो तो आपणच. कीड दिसण्याआधीच सवयीने फवारणी केली की चतुराची पिल्लं, पाणभुंगे, छोटे मासे पहिले मरतात. डास आठवड्यात परततात, शिकाऱ्यांना महिने लागतात. जपानी मेंदूज्वर पसरवणारे डास बांधीतच वाढतात, म्हणून हे लक्षात ठेवा. फवारणी पंप बोडीत किंवा हौदात धुणं तर पूर्ण बंद. नालीत जळकं ऑइल टाकायचं असेल तर तिथे मासे नकोत, आणि मासे असतील तिथे ऑइल नको. दोन्ही एकाच जागी चालत नाहीत.

सोडल्यानंतर

तिसऱ्या दिवशी जाऊन मासे जिवंत आहेत का पाहा. सातव्या आणि चौदाव्या दिवशी पुन्हा दहा पळ्या पाणी घ्या आणि आधीच्या नोंदीशी ताडा. मोठ्या अळ्या आणि कोष दिसेनासे झाले तर काम चालू आहे. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या बारीक अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या मोठ्या होण्याआधी खाल्ल्या जातात. मासे आहेत आणि तरी कोष सापडतात, तर कडेचं गवत, तरंगता कचरा किंवा कोणीतरी टाकलेलं खाणं शोधा.

मासे मेले तर शिव्या देण्याआधी विचारा. "टाकीत टीसीएल टाकलं होतं काय भाऊ?" या प्रश्नाला बरेचदा होकार मिळतो. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला माशांच्या टाक्यांची यादी देऊन ठेवा.

ताप आलेल्या माणसाचं रक्त तपासायचं काम मासे करत नाहीत. अळ्या कमी झाल्या म्हणून रक्त तपासणी टाळू नका, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तर मुळीच नाही.

मार्च लागला की पैदास टाकी सांभाळा. ४५ अंशांच्या उन्हात उथळ टाकीचं पाणी इतकं तापतं की मासे तरंगायला लागतात. वर पऱ्हाटीचा किंवा तुराट्यांचा मांडव घाला, पाण्याची पातळी दोन फुटांखाली जाऊ देऊ नका, पाणी दुपारी नको, रात्री भरा. हौद आटत आले की त्यांतले मासे काढून याच टाकीत आणा. मूठभर माद्या जगल्या तरी जूनपर्यंत पिल्लांची एक-दोन वेतं होतात आणि पहिल्या पावसानंतरच्या वाटपासाठी आरोग्य केंद्रावर फेरी मारावी लागत नाही.